पोच कोणाची

कारंजा (घाडगे)
२४ सप्टेंबर २०२३

चि. सुरभीले मामाचे आशीर्वाद.

मामीची तेरवी आटोपून तू गेली तेव्हा मी तुह्याशी धड बोललो बी नाई. एसटी फाट्यावरून निघून गेल्यावर ध्यानात आलं का तुले वाटेत खायाले काही बांधून द्याचं राह्यलं. ते काम तिचं होतं. मले सुचलंच नाई.

माहा मोबाईल अजून ठाण्यातच आहे. गाडी चालवतानी मी फोनवर बोलत होतो का ते पाहून राह्यले म्हणे. नव्हतो बोलत, ते त्यायले दिसलं, पण फोन परत भेटला नाई. सचिन म्हणे दुसरा आणून देतो. मीच नाई म्हटलं. फोनवर मले बोलता येत नाई आता. समोरच्यानं 'कसे आहा' म्हटलं का मी रडाले लागतो. कागदावर बरं आहे. थांबता येते, डोळे पुसता येते, मंग पुढं लिहिता येते.

तुले एक विचाराचं आहे म्हणून लिहून राह्यलो.

त्या दिवशी काय झालं ते तुले अर्धंमुर्धंच माहीत आहे. शाळेची बस लेकरायनं भरली होती. मी स्टिअरिंगवर, तुही मामी नेहमीसारखी मागं लेकरांपाशी, बसवरची बाई म्हणून. एवढे वर्षं आमी दोघं त्याच बसवर. कॅनलच्या पुलाआधीच्या खड्ड्यात गाडी आदळली अन् मागचं संकटकाळी उघडाचं दार उघडलं. तिनं मागच्या लेकरायले पुढं धाडलं अन् स्वतः दार ओढाले गेली. तेवढ्यात वळण आलं. लेकरं ओरडली म्हणून मी आरशात पाह्यलं, तर दार उघडं होतं अन् ती जागेवर नव्हती. एकाही लेकराले खरचटलं नाई. ती गेली.

आता ऐक. मागचं दार उघडलं का माह्यासमोर लाल दिवा लागाले पाहिजे अन् भोंगा वाजाले पाहिजे. बस कुठी आहे ते मालकाले सांगणारा एक डबा गाडीत बसवला आहे. मालकाच्या माणसानं त्या डब्यातून रिपोर्ट काढून पोलिसात देला. त्याच्यात लिहिलं आहे, 'मागील दार उघडल्याचा संदेश पाठवला गेला. पोच मिळाली. चालकाने वाहन थांबवले नाही.'

सचिननं ते वाचलं. "बाबा, तुमी पाह्यलं नाई," एवढंच म्हणे, अन् त्याच दिवशी नागपूरले निघून गेला.

सुरभी, दिवा लागला होता का? आधी मी छातीवर हात ठेवून सांगे का नाई लागला. आता तेच तेच आठवून असं झालं का डोळे मिटले का मले दिवा लाल दिसते. तू तिकडं पुण्यात गाड्यायच्या याच कामात आहे. पोच मिळाली म्हणजे दिवा लागलाच, असं असते का? जे असंन ते लिहिजो. मामा म्हणून गोड करून लिहू नोको.

तुहा मामा
रूपराव


पुणे
१ ऑक्टोबर २०२३

ती. मामांस साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र काल आलं. पाकिटावर तुमचं अक्षर पाहिलं आणि शाळेच्या डायरीत तुम्ही पालक म्हणून सही करायचात ते आठवलं. माझी अख्खी शाळा तुमच्या घरून झाली. तळेगावला आईकडे मी सुट्टीत पाहुणी म्हणून जायचे, घर म्हणजे तुमचंच. तेव्हा मला वाटेत खायला बांधून दिलं नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका.

तुम्ही सरळ विचारलंत, मीही सरळ सांगते. नाही. पोच मिळाली म्हणजे दिवा लागलाच, असं नसतं.

ते कसं, हे मी नीट समजावून लिहीन, पण त्याआधी मला तो रिपोर्ट पाहू द्या. त्याची झेरॉक्स पाठवा. आणि दोन गोष्टी आठवून लिहा. दिवा आहे त्या काट्यांच्या पॅनलला अलीकडे कुणी हात लावला होता का? आणि स्पीडचा काटा त्या दिवशी चालत होता का?

तोवर एक करा. ठाण्यात, मालकाकडे, सचिनजवळसुद्धा, 'दिवा लागला असेल' असं म्हणू नका. जे आठवत नाही ते 'आठवत नाही' म्हणा. सचिनवर रागावू नका. तो आईवेगळा झालाय, त्याला कुणावर तरी चिडायचंय आणि जवळ तुम्हीच आहात.

मी इथे ठीक आहे. काम चालू आहे.

तुमची
सुरभी


कारंजा (घाडगे)
१२ ऑक्टोबर २०२३

चि. सुरभीले आशीर्वाद.

झेरॉक्स सोबत आहे. पोस्टातल्या बाईनं टिकल्या... म्हणजे तिकिटं लावून देली. पाहा, 'टिकल्या' लिहून गेलो. घरात आरशावर अजून तिच्या टिकल्या चिकटून आहेत, त्याच डोक्यात असतात.

तू जे नोको म्हटलं ते माह्या हातून आधीच होऊन गेलं. तुहं पत्र येण्याच्या पहिलेच ठाणेदारानं बोलावलं होतं. म्हणे, रूपराव, मशीन कायले खोटं बोलंन? मी म्हटलं, लागला असंन साहेब, माह्या ध्यानात नसंन आलं. त्यायनं लिहून घेतलं अन् मी सही केली. खरं सांगू, सही केल्यावर मले थोडं हलकं वाटलं. निदान कोणाच्या तरी चुकीनं गेली, असं झालं. उगाच गेली, हे सोसत नाई.

तू विचारलं त्याचं उत्तर. स्पीडचा काटा चालत होता, रोज चाले. त्या पॅनलले हात लागला होता. शाळा सुरू झाली तेव्हा तो डबा बसवाले एक माणूस आलता. त्यानं माह्यासमोरचं अख्खं पॅनल काढून मांडीवर घेतलं, मागून वायरी ओढल्या, डबा खाली बसवला अन् पॅनल परत ठोकून देलं. घाईत होता, त्याले अजून गाड्या कराच्या होत्या. मी गाडी चालू करून पाह्यली. काटा हलला, मले वाटलं झालं काम. मागचं दार उघडून दिवा कोण पाह्यते? ते दार आमी कधी उघडतच नव्हतो.

वकीलसाहेब भले आहेत, पण तेबी म्हणतात का मशीनपुढं आपलं काही चालत नाई.

बाकी गावात लोक येतात, बसतात. आनंदाबाई आल्ती. तिची नात मयुरी माह्या मागच्याच सीटवर बसे, तिसरीत आहे. ती पोरगी तवापासून शाळेत जाऊन नाई राह्यली. जेवत नाई, बोलत नाई. जास्तच विचारलं तर एकच म्हणते, 'मी हो म्हटलं'. कायले हो म्हटलं ते सांगत नाई. आनंदाबाई तिले गिरडले दर्ग्यावर बी नेऊन आली. मले वाटते मामीनं तिले उतरतानी गोळी देईन म्हटलं असंन, ती तिले मुठीत गोळ्या देत राहे. लेकराच्या मनात तेच राह्यलं असंन.

तुहा मामा


पुणे
२० ऑक्टोबर २०२३

ती. मामांस नमस्कार.

हे पत्र सावकाश वाचा. वकीलसाहेबांनाही वाचून दाखवा.

बसमधली यंत्रं म्हणजे मागच्या दाराचं, इंजिनाचं, तुमच्या समोरच्या पॅनलचं आणि तो नवा डबा, ही सगळी एकाच तारांच्या जोडीवर बोलतात. प्रत्येकाला वेगळी तार नसते. दार उघडलं की दाराचं यंत्र त्या तारांवर सांगतं, 'दार उघडं आहे.' ते कुणाचं नाव घेऊन सांगत नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगतं. ज्याच्या कामाचं असेल त्याने घ्यावं.

निरोपाच्या शेवटी ते यंत्र एक क्षणभर जागा मोकळी सोडतं. ज्या ज्या यंत्राला निरोप नीट ऐकू आला, ते त्या मोकळ्या जागेत खूण करतं. हीच पोच. पण मामा, सगळ्यांची खूण त्याच एका जागी पडते. एकाने केली काय आणि सगळ्यांनी केली काय, पाठवणाऱ्याला ती सारखीच दिसते. कुणीतरी ऐकलं, एवढंच त्याला कळतं. कुणी ऐकलं ते कळत नाही. ज्याने ऐकायला हवं होतं त्याने ऐकलं का, हे तर मुळीच कळत नाही.

कुणीच खूण केली नाही तर मात्र ते यंत्र तोच निरोप पुन्हा पुन्हा पाठवतं, बिघाड झाल्याची नोंद करतं. एखाद्याला निरोप मोडका ऐकू आला तर तेही तारेवर गोंधळ घालून निरोप पुन्हा पाठवायला लावतं. पण ज्याची तारच सुटली आहे, ते गोंधळही घालू शकत नाही. ते गप्पच. आणि बाकीच्यांनी पोच दिली की ते गप्प आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

मला वाटतं तसंच झालं. त्या माणसाने पॅनल परत बसवताना त्याच्या मागचा या तारांचा प्लग पुरता आत दाबला नाही. तुमच्या बसमध्ये स्पीडच्या काट्याची तार वेगळी येते, म्हणून काटा हलत राहिला आणि पॅनल धडधाकट आहे असं तुम्हाला वाटलं. दाराने निरोप पाठवला. डब्याने तो ऐकला, इंजिनाने ऐकला, पोच मिळाली. पॅनलला काहीच ऐकू आलं नाही. दिवा लागला नाही. भोंगा वाजला नाही.

हे मी इथे टेबलावर मांडून पाहिलं. मागच्या पत्रात मी ठीक आहे असं लिहिलं होतं ते खरं नव्हतं. तारांना हात लावला की मामी दिसायची, म्हणून मी रजा टाकून घरीच बसले होते. हे करायला म्हणून कामावर गेले. पॅनलचा प्लग अर्धा बाहेर काढला आणि दाराचा निरोप पाठवला. पोच आली. दिवा लागला नाही.

वकीलसाहेबांना सांगा, आधी अर्ज करा. बस ठाण्याच्या आवारात उभी आहे ना? कुणी पॅनलला हात लावायच्या आत पंचांसमोर ते उघडायला लावा आणि प्लगचे फोटो घ्या. कुणी सहज म्हणून दाबून टाकला तर सगळं गेलं.

तुम्ही दिवा पाहिला नाही, कारण तो लागलाच नव्हता. डोळे मिटल्यावर जो दिसतो तो नंतरचा आहे.

सुरभी


पुणे
२ डिसेंबर २०२३

ती. मामांस नमस्कार.

दिवाळी गेली. तुमचं पत्र नाही.

सचिनचा फोन आला होता. त्याने सांगितलं की पंचांसमोर पॅनल उघडलं आणि प्लग सैल निघाला, नुसता अडकवून ठेवल्यासारखा. फोटो निघाले, पंचनामा झाला. हे सांगताना तो रडत होता. म्हणाला, "मी बाबाले काय बोलून बसलो."

मला वाटलं आता सुटलात. आणि मग त्यानेच पुढचं सांगितलं. तुम्ही आनंदाबाईंच्या घरी जाऊन सगळ्यांसमोर म्हणालात की मामीने मागून हाक मारली होती आणि ती तुम्ही ऐकली होती. आनंदाबाईंचे यजमान मधुकरराव शाळेच्या समितीवर आहेत, त्यांनी ते ठाण्यात जाऊन सांगितलं. आता सरकारी वकील म्हणतात, दिवा राहू द्या, बायकोची हाक ऐकूनही याने गाडी थांबवली नाही.

मामा, काऊन? हाकेचं तुम्ही मला एकाही पत्रात लिहिलं नाही. ऐकली असती तर तुम्ही लिहिलं असतं. मी तुम्हाला ओळखते. ती तुमच्या गाडीत मागे बसून खोकली तरी तुम्ही आरशात पाहायचात.

मला खरं कळायला हवं. मी यात डोकं घातलंय, आणि ती माझीही कोणीतरी होती.

सुरभी


कारंजा (घाडगे)
१० डिसेंबर २०२३

चि. सुरभीले आशीर्वाद.

तू रागावली ते बरोबर आहे. हे पत्र वाचून झालं का तुह्यापाशीच ठेवजो. वकीलसाहेबायले दाखवाचं नाई.

तुहं ते मोठं पत्र आलं तेव्हा मी ओट्यावर बसून वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मले फक्त एवढंच दिसलं का दिवा नाई लागला. मी मोठ्यानं रडलो, दारावरची बकरी घाबरून उठली. मंग डोळे पुसून दुसऱ्यांदा वाचलं. 'कुणीतरी ऐकलं, एवढंच त्याला कळतं. कुणी ऐकलं ते कळत नाही.' तिथं मी थांबलो. अन् मले मयुरी आठवली. 'मी हो म्हटलं.'

मी तसाच उठून आनंदाबाईकडं गेलो. पोरगी मागच्या आंगणात संत्र्याच्या झाडाखाली बसली होती. घरची माणसं आत होती. मी तिच्यापाशी जमिनीवर बसलो. मंग विचारलं, "बेटा, बाई मागून काय म्हणाली होती?"

ती म्हणे, "अहो, दार उघडलं, गाडी हळू करा."

"मंग?"

"समदे कल्ला करत होते. मी हो म्हटलं."

"तुले म्हटलं होतं का बाईनं?"

"नाई. बाई काही बी म्हणाली का मी हो म्हणते. समदेच म्हणतात." मंग ती माह्याकडं पाह्यल्याबिगर म्हणे, "आजोबा, बाईले वाटलं का तुमीच हो म्हटलं?"

सुरभी, आठ वर्षाचं लेकरू. जे मले तुह्या पत्रानं समजलं, ते तिनं एकटीनं समजून घेतलं होतं, अन् तवापासून ते घेऊन बसली होती. गाडी हळू होऊन राह्यली असं समजून बाई दाराकडं गेली. हे तिले माहीत होतं.

मी खरं सांगतो, मी हाक नाई ऐकली. खड्ड्याचा आवाज, लेकरायचा आवाज, इंजिन. 'हो' बी नाई ऐकलं. मले काहीच ऐकू नाई आलं.

पण त्या लेकराले मी काय सांगू? खरं सांगतो तर ते तिच्या अंगावर जन्मभर राहीन. मी म्हटलं, "नाई बेटा. मी बी ऐकलं होतं. मी ब्रेकवर पाय ठेवतच होतो. वळण मधात आलं. तुह्या हो म्हणण्यानं काहीच नाई झालं."

ती माह्या तोंडाकडं पाह्यत राह्यली. मंग तिनं माहा हात धरला अन् मले आत घेऊन गेली. मधुकरराव खाटेवर होते. तिनं त्यायले सांगतलं, "आबा, आजोबा म्हणतात त्यायनं बी बाईची हाक ऐकली होती."

मधुकरराव उठून बसले. "खरं का, रूपराव?"

पोरीनं हात सोडला नव्हता. मी म्हटलं, "खरं."

त्यायचा काही दोष नाई. समितीवर आहेत, लेकरायच्या जिवाचा प्रश्न आहे. जे ऐकलं ते त्यायनं जाऊन सांगतलं. आनंदाबाई दुसऱ्या दिवशी आली. म्हणे, पोरीनं भाकर मागून खाल्ली. आता ती शाळेत जाऊन राह्यली, दुसरी गाडी लावली आहे. तिथं बी पुढच्याच सीटवर बसते म्हणे.

तुहं काम वाया गेलं नाई. सचिन माह्याजवळ आला ते तुह्या कामानंच. पण मयुरीचं नाव कोर्टात जाऊ नोको देजो. सचिनले बी सांगू नोको.

तुहा मामा


पुणे
१७ डिसेंबर २०२३

ती. मामांस नमस्कार.

तुमचं पत्र ऑफिसच्या जिन्यात बसून वाचलं. कुणीतरी येऊन विचारलं, बरं वाटत नाहीये का. मी हो म्हणाले.

मयुरीचं नाव माझ्याकडून कुठेही जाणार नाही. पण मला तुमच्याशी भांडायचं आहे. तुम्ही नुसतं 'आठवत नाही' म्हणा. कोर्टात 'ऐकलं नाही' म्हणू नका, 'ऐकलं' असंही म्हणू नका. वकीलसाहेब सांभाळून घेतील. म्हणतील, माणूस दुःखात होता, लेकराची समजूत काढायला बोलला. हे खरंच आहे आणि त्यात मयुरीचं 'हो' कुठेच येत नाही. तुम्ही जे केलं नाही त्याचा दोष अंगावर घेताय. लायसन जाईल, तुरुंगात जावं लागेल. आणि ती पोरगी काय कायमची तिसरीत राहणार आहे? मोठी होईल, कधीतरी कुठेतरी वाचेल, समजेल की आजोबा खोटं बोलले. मग?

हे सगळं लिहून कागद घडी केला होता, पुन्हा उघडलाय.

एक गोष्ट मात्र राहून राहून मनात येते. मामीने हाक मारली आणि तिला उत्तर मिळालं. कुणाचं का असेना. आपलं कुणी ऐकलंच नाही असं समजून ती गेली नाही. तुम्ही ऐकलंय, तुम्ही गाडी हळू करताय, अशी तिची खात्री होती. मी हे तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहिते आहे की मला, ते माहीत नाही. लिहिताना मला तरी बरं वाटत नाहीये. तुमच्यावर भरवसा होता म्हणून ती दाराकडे गेली.

माझं म्हणणं एकदा विचारात घ्या. उत्तर लगेच नको.

तुमची
सुरभी


कारंजा (घाडगे)
५ ऑक्टोबर २०२५

चि. सुरभीले आशीर्वाद.

मधात तू येऊन गेली, फोनवर बी बोलणं होत राह्यलं, पण त्या गोष्टीवर आपण दोघंबी बोललो नाई. आता निकाल लागला म्हणून पुन्हा कागद घेतला.

फोनवर सचिननं तुले अर्धं सांगतलं असंन. कोर्टात वकीलसाहेबायनं मले खोदून खोदून विचारलं. म्हणे, रूपराव, नीट आठवा, तुमी त्या मुलीले धीर द्याले तसं बोलले होते ना? मधुकरराव साक्षीले आलते, मागच्या बाकावर बसले होते. मी जे बोलीन ते घरी जाऊन पोरीले कळणार होतं. मी म्हटलं, नाई साहेब, मी हाक ऐकली होती. वकीलसाहेबायनं चष्मा काढून टेबलावर ठेवला अन् खाली बसले.

दार अन् प्लग नीट नव्हता, त्याचा दोष मालकावर अन् डबा बसवणाऱ्यावर आला. तुह्या पत्रातलं ते पोचीचं म्हणणं जजसाहेबायनं निकालात मान्य केलं. पोच मिळाली यावरून चालकाने दिवा पाहिला असे म्हणता येत नाही, असं लिहिलं आहे. तेवढं मी सचिनकडून परत परत वाचून घेतलं. हाकेपायी दोष माह्यावर ठेवला. पण वय पाहून, अन् गेली ती माहीच बायको म्हणून, तुरुंगात न धाडता चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडलं. लायसन गेलं. गेलं तर गेलं. नाईतरी स्टिअरिंगवर मी पुन्हा बसलो नसतो. आता रस्त्याच्या कडेच्या एका बगीच्यात संत्रा तोडणीवर देखरेख करतो. पायाले काम आहे, बरं वाटते.

सचिनले तू सांगतलं, हे मले समजलं. मी नोको म्हटलं होतं, तरी बरं झालं. निकालाच्या दिवशी तो आला, माह्यासोबत जेवला, ताटं त्यानंच धुतली. विचारलं काहीच नाई. निघतानी पाया पडला अन् उठाले त्याले वेळ लागला.

तू लिहिलं होतं, पोरगी मोठी होईन, तिले समजंन. समजो. तवा ती मोठी असंन. मोठ्या माणसाले सोसता येते, निदान कोणापाशी बोलता तरी येते. आठ वर्षाच्या लेकराले येत नाई. तेवढे वर्षं मधात ठेवता आले, बस.

मागच्या महिन्यात, पितृपक्षात, मामीचं श्राद्ध केलं. आनंदाबाई मयुरीले घेऊन आल्ती. पोरगी आता पाचवीत आहे, उंच झाली, केसायले तेल लावून दोन वेण्या. जेवणं झाल्यावर ती ओट्यावर माह्यापाशी येऊन बसली. मले वाटलं असंच बसली. पण ती म्हणे, "आजोबा, बाईनं हाक मारली तेव्हा तुमी काय म्हटलं होतं?"

हे मले कोणीच विचारलं नव्हतं. पोलिसायनं नाई, कोर्टानं नाई. ऐकलं होतं का, एवढंच समद्यायनं विचारलं.

मी म्हटलं, "हो म्हटलं होतं."

ती थोडा वेळ पाय हलवत राह्यली. मंग म्हणे, "म्हणजे आपण दोघायनं म्हटलं."

मी म्हटलं, "दोघायनं म्हटलं. पण माहं जोरात होतं, बेटा. बाईनं माहंच ऐकलं असंन."

"असंन," म्हणे, अन् अंगणात उतरून लेकरायमधी गेली.

सुरभी, ती गेल्यावर मी तिथंच बसून राह्यलो. हे आता तुलेच लिहून राह्यलो, दुसऱ्या कोणाले सांगता येत नाई. तो लाल दिवा आता मले दिसत नाई. पण एवढ्या वेळा सांगून सांगून असं झालं आहे का कधी कधी वाटते, मी तिची हाक खरंच ऐकली होती, अन् मी खरंच हो म्हटलं होतं.

तुहा मामा
रूपराव